रक्ताचा कर्करोग आणि त्वचेची साक्ष : मेळघाटाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

(१) प्रश्नाचे स्वरूप

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, सिपना नदीच्या काठी, सेमाडोह हे गाव वसलेले आहे. ते अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात मोडते. भोवतालचे अरण्य १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. वस्ती प्रामुख्याने कोरकू समाजाची आहे. या समाजाची भाषा मुंडा कुलातील असल्याने रोगांची नावे, शरीराविषयीच्या कल्पना आणि उपचारांचे संकेत यांबाबत सपाटीवरील वऱ्हाडाशी तिचे नाते अर्धवटच जुळते. अशा ठिकाणाच्या संदर्भात रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास विचारात घेणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. या रोगाचे निदान सूक्ष्मदर्शकावाचून होत नाही, आणि त्याचा इतिहास सामान्यतः बर्लिन, पॅरिस, बोस्टन व मुंबई येथील प्रयोगशाळांच्या आधारे सांगितला जातो.

तथापि या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. रक्तातील बिघाड उघड्या डोळ्यांनी दिसत नसला तरी तो त्वचेवर उमटतो. फिकटपणा, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, गाठी, असह्य खाज, वारंवार उठणारी नागीण, न भरणाऱ्या जखमा, ही सर्व चिन्हे प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या माणसालाही दिसतात. ती कोणी पाहिली, त्यांचा अर्थ काय लावला आणि त्या अर्थाचे रोग्याला काय मोल द्यावे लागले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

(२) नोंदवहीतील 'ताप'

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला व १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला. ब्रिटिश अमदानीत जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवण्याची जी पद्धत रूढ झाली, तीत खेड्यातील मृत्यूची खबर पाटील-कोतवालासारख्या ग्रामसेवकांकडून वर जात असे. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजकेच होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि 'इतर'. यांपैकी 'ताप' हा रकाना सर्वांत मोठा असे. हिवतापाने दगावलेला माणूस त्यात जाई, विषमज्वराने दगावलेला जाई, आणि ताप, अशक्तपणा व रक्तस्राव होऊन पंधरा-वीस दिवसांत दगावलेले मूलही त्यातच जाई. तीव्र रक्तकर्करोगाचा शेवट बहुधा ताप व रक्तस्राव यांनीच होत असल्याने त्याची नोंद वेगळी होण्याचा संभवच नव्हता.

यावरून एक सावधगिरी घ्यावी लागते. जुन्या कागदपत्रांत एखादा रोग आढळत नाही म्हणून तो त्या प्रदेशात नव्हता असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि तो होताच असेही केवळ अनुमानाने म्हणता येत नाही. नोंदवहीची रचना पाहिल्यावर इतकेच निश्चित म्हणता येते की, त्या रचनेत हा रोग दिसू शकत नव्हता. कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित गणना भारतात प्रथम मुंबईत १९६३-६४ च्या सुमारास सुरू झाली. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ मध्ये आला, आणि ग्रामीण भागापुरती पहिली नोंदणी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली स्थापन झाली. खेड्यातील कर्करोग गणनेत येण्यास इतका काळ लागला.

हीच सावधगिरी प्राचीन ग्रंथांबाबतही बाळगावी लागते. चरकसंहितेत पांडुरोग व रक्तपित्त यांची वर्णने आहेत. त्वचेचा फिकटपणा आणि शरीराच्या निरनिराळ्या द्वारांतून होणारा रक्तस्राव ही लक्षणे त्यांत बारकाईने टिपली आहेत. परंतु पांडुरोग म्हणजे रक्तकर्करोग असे समीकरण मांडणे इतिहासदृष्ट्या चुकीचे ठरेल. पांडुरोगाच्या वर्णनात कृमी, हिवताप, पोषणाची उणीव व रक्तपेशींचे आनुवंशिक दोष या सर्वांमुळे आलेला फिकटपणा सामावलेला असणार. चिन्ह एक आणि कारणे अनेक, ही अडचण तेव्हा होती आणि मेळघाटात ती आजही आहे.

(३) युरोपातील दोन वाटा

१८४५ साली एडिंबरो येथे बेनेट व बर्लिन येथे विरचो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पांढुरके बनलेले रक्त असलेल्या रोग्यांची वर्णने प्रसिद्ध केली. विरचोने पुढे या विकारास 'ल्युकेमिया' हे नाव दिले. त्याचा अर्थ 'पांढरे रक्त' एवढाच आहे. हे संशोधन शवविच्छेदनातून आले. रोगाचे मूळ शोधताना नजर प्लीहा, लसिकाग्रंथी व पुढे अस्थिमज्जा यांकडे गेली.

त्वचेच्या वैद्यांची वाट याआधीच सुरू झाली होती. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील आलिबेर याने १८०६ साली अशा एका रोग्याचे वर्णन केले की, ज्याच्या अंगावर प्रथम चट्टे व नंतर अळंब्यांसारख्या गाठी उठल्या. त्यावरून या विकारास 'मायकोसिस फंगॉइडिस' असे नाव पडले. त्याचा बुरशीशी काही संबंध नाही हे नंतर कळले. वस्तुतः तो लसिकापेशींचा, म्हणजे रक्तपेशींच्याच एका कुळाचा, कर्करोग आहे. व्हिएन्नाच्या कापोसीने १८८५ साली रक्तविकारासह त्वचा लाल व जाड होणाऱ्या एका घातक रोगाचे वर्णन केले. १९३८ साली सेझारी याने सर्वांग लाल झालेल्या रोग्यांच्या रक्तात विलक्षण आकाराच्या पेशी दाखवून दिल्या, तेव्हा त्वचेचा रोग आणि रक्ताचा रोग यांमधील भिंत खऱ्या अर्थाने ढासळली. प्लिमथ येथील स्वीट याने १९६४ साली ताप व वेदनायुक्त लाल उंचवटे यांचा एक लक्षणसमूह वर्णिला. त्यातील काही रोग्यांत मागाहून तीव्र रक्तकर्करोग आढळतो, असे पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले.

म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकाच रोगसमूहाकडे दोन शास्त्रे दोन बाजूंनी पाहत होती. रक्ताच्या अभ्यासकाला त्वचा गौण वाटे, आणि त्वचेच्या अभ्यासकाला रक्त पाहण्याचे साधन उशिरा मिळाले. ती एकत्र येण्यास पेशी रंगवून पाहण्याचे तंत्र आवश्यक होते. ते एर्लिखच्या १८७७ नंतरच्या प्रयोगांतून हळूहळू सिद्ध झाले.

(४) सोमल : औषधाची त्वचेवरील खूण

रक्तकर्करोगावरील पहिले काही अंशी गुणकारी औषध सोमल होते. फाउलरने १७८६ साली प्रसिद्ध केलेले सोमलाचे द्रावण तापापासून चर्मरोगांपर्यंत सर्वत्र वापरले जात होते. १८६५ साली जर्मनीत लिसाउअर याने ते रक्तकर्करोगात वापरून पाहिले. १८८२ साली तत्कालीन तरुण वैद्य आणि पुढे कादंबरीकार म्हणून विख्यात झालेला कॉनन डॉयल याने अशाच एका रोग्याविषयीचे टिपण 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध केले. सोमलाने पांढऱ्या पेशी काही काळ घटत. परंतु दीर्घ सेवनाने त्वचा काळवंडे, तीवर पावसाच्या थेंबांसारखे फिके ठिपके उमटत, तळहात व तळपाय यांवर खडबडीत कणे येत आणि कालांतराने तेथेच त्वचेचा कर्करोगही उद्भवे. मल्ल, हरताळ व मनःशीळ या रूपांत सोमलाची संयुगे भारतीय रसशास्त्राला परिचित होतीच. त्यामुळे येथील वैद्यांना या द्रव्याचे दुहेरी स्वरूप अपरिचित नव्हते.

येथपासून या इतिहासात नवा विषय आला. त्वचेवरील चिन्ह रोगाचे की औषधाचे, असा संभ्रम उत्पन्न झाला. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने सैनिकांच्या अंगावर फोड उठले, आणि १९१९ साली क्रुम्भारने दाखविले की, त्याच वायूने त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही घटल्या होत्या. या निरीक्षणाच्या धाग्यावरून १९४२ साली येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्डचा औषध म्हणून प्रथम उपयोग झाला. त्वचा जाळणाऱ्या विषातून रक्तावरील आधुनिक रासायनिक उपचारांचा आरंभ व्हावा, हे लक्षणीय आहे. १९४८ साली फार्बरने बालकांच्या तीव्र रक्तकर्करोगावर ज्या अमिनोप्टेरिनचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्याच्या सिद्धतेमागे आंध्रचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधन होते.

(५) परळ येथील प्रयोगशाळा

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाचा आरंभ एका मृत्यूपासून होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे १९३१ साली उत्तर वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली स्थापन झालेला लेडी टाटा स्मारक निधी मुख्यतः रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी आहे. त्याच कुटुंबाच्या दानातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले गेले. ते १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुशक्ती विभागाकडे सुपूर्द झाले.

या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्या कार्यात त्वचेला महत्त्वाचे स्थान होते. १९४५ साली त्यांनी व सूर्याबाई यांनी लोकांच्या राहणीशी निगडित कर्करोगांवर जो निबंध लिहिला, त्यात धोतराच्या घट्ट नेसणीमुळे कमरेवर होणाऱ्या त्वचाकर्करोगाचे वर्णन होते. कुष्ठरोगात मज्जातंतूंना जी इजा होते तिचाही त्यांनी सखोल अभ्यास केला. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली व स्तनकर्करोग, रक्तकर्करोग आदींवर संशोधन केले. याच केंद्रात १९५८ साली बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठींतून एक जंतू वाढविल्याचे प्रसिद्ध केले. तो केंद्राच्या आद्याक्षरांवरून 'आय.सी.आर.सी. दंडाणू' म्हणून ओळखला गेला. हा जंतू कुष्ठाचाच आहे हे मत पुढे टिकले नाही, तो दुसऱ्या एका मायकोबॅक्टेरिया गटातील ठरला, तथापि त्यावरून प्रतिबंधक लसीचे प्रयत्न झाले.

कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठावर संशोधन व्हावे यात विसंगती नाही. ऊतींचे पातळ छेद घेऊन गाठीत नेमक्या कोणत्या पेशी आहेत हे ओळखण्याची विद्या दोन्ही रोगांना सारखीच लागते. सूक्ष्मदर्शकाखाली जे वेगळे दिसते, ते उघड्या डोळ्यांना पुष्कळदा एकच भासते. वऱ्हाडात तर या गोष्टीला विशेष अर्थ आहे.

(६) कुष्ठाची छाया

सेमाडोहहून खाली उतरल्यावर परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या कुष्ठाश्रमाची परंपरा आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठनिवासाचे कार्य आरंभिले व त्यातून 'तपोवन' उभे राहिले. त्यांच्या सेवेचा गौरव १९५९ साली पद्मश्रीने झाला. या संस्थांमुळे वऱ्हाडातील आरोग्यसेवकांची नजर अंगावरील फिक्या चट्ट्याकडे वळली हे मोठे कार्य होय. परंतु त्याचबरोबर चट्टा किंवा गाठ दिसताच महारोगाचा संशय येणे हेही येथील समाजमनात खोल रुजले.

काळ्यासावळ्या त्वचेवर मायकोसिस फंगॉइडिसचा एक प्रकार फिक्या चट्ट्यांच्या रूपाने प्रकट होतो. कुष्ठाच्या चट्ट्यात स्पर्शसंवेदना मंदावते, या चट्ट्यात ती शाबूत असते, परंतु घाईच्या तपासणीत हा भेद निसटतो. रक्तपेशी त्वचेत साठून चेहऱ्यावर गाठी उठल्या तर कुष्ठात दिसते तसेच 'सिंहमुख' दिसू लागते. चुकीच्या निदानाचे परिणाम दोन्ही दिशांनी घातक असतात. कर्करोग असलेला रोगी वर्षानुवर्षे कुष्ठाची औषधे घेत राहतो आणि उपयुक्त काळ गमावतो. शिवाय कुष्ठावरील डॅप्सोन हे औषध तांबड्या पेशींतील एका किण्वाची उणीव असलेल्या माणसात रक्तपेशी फोडते, त्यामुळे आधीच फिकट असलेला रोगी अधिक फिकट होतो. सामाजिक दंड तर वेगळाच. कुष्ठ हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण म्हणून २०१९ सालापर्यंत हिंदुस्थानच्या व्यक्तिगत कायद्यांत होते. एका चट्ट्याचे नाव काय ठरते यावर माणसाचे घर अवलंबून असे.

(७) नव्या उपचारांचे चिन्ह

१९५० नंतर आलेल्या औषधांनी आयुष्य वाढविले आणि त्याबरोबर त्वचेवरील खुणांची संख्याही वाढविली. जुनाट रक्तकर्करोगावर १९५३ पासून वापरात आलेल्या बुसल्फानने त्वचा तपकिरी-काळी पडे. त्यामागून आलेल्या हायड्रॉक्सियुरियाने नखे काळवंडतात आणि काही रोग्यांच्या घोट्यांजवळ न भरणारे व्रण पडतात.

या शेवटच्या औषधाने मेळघाटाशी वेगळा संबंध जोडला. भारतातील सिकलसेल विकाराची पहिली शास्त्रीय वर्णने १९५२ सालची आहेत. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील या दोषाविषयी 'लॅन्सेट' मध्ये लिहिले. विदर्भातील अनेक आदिवासी व अन्य समाजांत तो आढळतो. सिकलसेल हा कर्करोग नव्हे. परंतु मुळात कर्करोगासाठी वापरले गेलेले हायड्रॉक्सियुरिया त्यातही गुणकारी ठरले आणि अमेरिकेत १९९८ साली त्यास मान्यता मिळाली. भारतीय सिकलसेल रोग्यांत, गर्भावस्थेतील रक्तरंजकाचे प्रमाण अधिक राहत असल्याने, पायावरचे व्रण आफ्रिकी वंशाच्या रोग्यांच्या मानाने कमी आढळतात. म्हणूनच अशा रोग्याच्या घोट्याजवळ व्रण दिसला तर तो रोगाचा, औषधाचा की अनवाणी चालण्यातील साध्या जखमेचा, हे ठरविण्यास त्याची औषधे विचारणे अपरिहार्य ठरते.

२००१ साली आलेल्या इमॅटिनिबने जुनाट रक्तकर्करोगाचे स्वरूपच पालटले. हे औषध त्वचेचा रंग बनविणाऱ्या पेशींना लागणारा एक संदेशही अडविते, त्यामुळे सावळ्या माणसाची त्वचा उजळते अथवा फिकट चट्टे पडतात. गौरवर्णी देशांत ही बाब क्षुल्लक मानली जाते. महाराष्ट्रात पांढऱ्या चट्ट्याला 'कोड' म्हणतात आणि कोड असलेल्या घरातील मुलीचे लग्न अडते. या औषधाच्या एका रूपावरील एकाधिकाराचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्यामुळे स्वस्त गोळ्यांची वाट सुरक्षित राहिली. परंतु चट्ट्याच्या भीतीने कोणी गोळी सोडली तर किमतीचा निकाल त्याच्या उपयोगी पडत नाही.

परळ येथे २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण झाले. रोगी नऊ वर्षांची मुलगी होती. या उपचारात दात्याच्या पेशी ग्रहणकर्त्याच्या शरीरावर हल्ला करतात, तेव्हा त्याची पहिली वर्दी बहुधा त्वचेवरच मिळते. तळहात, तळपाय व कानांच्या पाळ्या यांवर लाल पुरळ उठते. म्हणजे अत्याधुनिक उपचारातही वैद्याला पुन्हा डोळ्यांनी त्वचा वाचावीच लागते.

(८) मेळघाटातील वाचन

आता या माहितीच्या आधारे मूळ प्रदेशाकडे पाहता येईल. १९९३ साली मेळघाटातील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. तेव्हापासून फिकट, सुजलेल्या वा खंगलेल्या मुलाकडे पाहताना पोषणाचा विचार प्रथम होतो, आणि तो योग्यच आहे. हिवताप, जंत, सिकलसेल व पोषणाची उणीव ही येथील फिकटपणाची नित्याची कारणे होत. रक्तकर्करोग त्या मानाने विरळ आहे. म्हणूनच तो निसटतो. फिकटपणासोबत त्वचेवर रक्ताचे ठिपके, हिरड्यांतून रक्त आणि न उतरणारा ताप असे तिन्ही एकत्र दिसले, तर केवळ लोहाच्या गोळ्यांवर थांबता येत नाही.

येथील पारंपरिक उपचारांत भूमका किंवा पडियार यांचे स्थान मोठे आहे. मुलाचे पोट फुगल्यास तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा मेळघाटात आढळते. तिला केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु डाग देण्याचा उपचार सुश्रुतसंहितेतील अग्निकर्मापासून महाराष्ट्राच्या खेडोपाडी परिचित होता, आणि आईबापांना पोटाची फुगवट दिसत होती हेही खरे आहे. फुगवटीमागे वाढलेली प्लीहा असू शकते. प्लीहा वाढण्याची कारणे अनेक असून त्यांत रक्तकर्करोगही एक आहे. अशा मुलाच्या अंगात जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी अपुऱ्या असतील, तर डागलेल्या त्वचेतून शिरलेला जंतू थोड्याच काळात रक्तात पसरतो. चिन्ह अचूक पाहिले गेले आणि उपचाराने मात्र शरीराचे शेवटचे संरक्षक कवच फोडले.

नागिणीबाबतही असेच म्हणता येईल. नागिणीवर गेरूचा लेप देण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे, आणि तिचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो अशी समजूत आहे. वैद्यकीय दृष्टीने ही समजूत निराधार आहे. परंतु शरीराच्या दोन्ही बाजूंस पसरलेली किंवा पुनःपुन्हा उठणारी नागीण खचलेल्या प्रतिकारशक्तीचे लक्षण असू शकते, आणि वृद्धांतील जुनाट लसिकापेशी-कर्करोगात ती वारंवार दिसते. याच रोगात डासांच्या दंशाने अवाजवी मोठे फोड उठतात. अरण्यातील वस्तीत डासांचे दंश नित्याचे असल्याने अशा फोडांकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

(९) निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मेळघाटासारख्या प्रदेशातील रक्तकर्करोगाच्या इतिहासाची उणीव ही नोंदींच्या रचनेतून आलेली आहे. ती रोगाच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही. दुसरी, त्वचेचे शास्त्र व रक्ताचे शास्त्र यांची युरोपात झालेली फारकत परळच्या प्रयोगशाळेत काही अंशी मिटली, परंतु गावातील तपासणीत ती आजही टिकून आहे. तेथे त्वचेचा रोगी कुष्ठाच्या रांगेत आणि फिकट रोगी पोषणाच्या रांगेत उभा राहतो, आणि दोन्ही रांगांमधील माणूस राहून जातो. तिसरी, औषधांनी त्वचेवर उमटविलेल्या खुणांचा अर्थ समाज स्वतःच्या जुन्या भयांच्या आधारे लावतो. रोग्याला औषधाबरोबर त्या खुणेचे कारणही सांगितले गेले नाही, तर उपचार अर्ध्यावर सुटण्याची भीती राहते.

सेमाडोहहून अमरावती, तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर, आणि नागपुरातील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा थेट मुंबई, असा रोग्याचा मार्ग आहे. ज्यांच्या नावाने हे रुग्णालय उभे आहे ते तुकडोजी महाराज अमरावती जिल्ह्यातीलच, आणि १९६८ साली त्यांचे निधन कर्करोगानेच झाले. या मार्गावर रोग्याला पाठविण्याचा निर्णय मात्र नागपुरात किंवा मुंबईत होत नाही. तो घाटावरच्या दवाखान्यात, दिवसाच्या उजेडात, कोणीतरी एका माणसाची पाठ, हिरड्या, घोटे आणि तळहात नीट पाहिले की नाही यावर ठरतो. यापुढील संशोधकांनी आरोग्यकेंद्रांच्या बाह्यरुग्ण नोंदवह्यांतील 'ताप', 'अशक्तपणा' व 'चर्मरोग' हे रकाने एकत्र ठेवून तपासले, तर या इतिहासाचे पुढील प्रकरण लिहिण्यास आवश्यक ती सामग्री हाती येईल.